व्हिएतनामचा फुटपाथ आणि आपला २०१४ चा कायदा

व्हिएतनामला जाऊन आलेल्या मराठी माणसाची पोस्ट साधारण ठरलेली असते. हा लाँग बेची बोट, कु चीचे बोगदे, दा नांगजवळचा तो दगडी भासणाऱ्या हातांवरचा पूल आणि शेवटी "बाकी मस्त, पण खाण्याचे फार हाल झाले हो!" मला या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचंय. कारण हनोई, होई आन आणि सायगॉन (म्हणजे आजची हो ची मिन्ह सिटी) फिरताना मला सगळ्यात जास्त जे आवडलं ते फुटपाथवरच मिळालं. आणि तिथे जे कळलं त्याचा संबंध थेट आपल्या महापालिकांशी आहे.

आधी खाण्याचं बोलू. बान्ह सेओ नावाचा प्रकार आहे. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. तव्यावर ओतलं की चर्रर्र होतं, त्या आवाजावरूनच हे नाव पडलं. कोकणातल्या माणसाने पाहिलं तर म्हणेल, हे तर पिवळं घावन! बान्ह खोत तर चक्क आप्पेपात्रासारख्या भांड्यात होतात, फक्त वर एक कोळंबी बसवलेली असते. बान्ह त्रोई म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाची उकडलेली गोळी, आत गुळाचा खडा. उकडीच्या मोदकाचा लांबचा मावसभाऊच म्हणा.

शाकाहारी मंडळींसाठी: माशापासून केलेला नुओक माम नावाचा सॉस जवळपास सगळ्यात असतो, हे खरं. पण 'चाय' अशी पाटी शोधा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध लोक शाकाहारच करतात, त्यामुळे त्या दिवशी असे पदार्थ जास्त दिसतात.

आणि बान्ह मी. पाव फ्रेंचांनी आणला. १९५४ ला देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले. त्यातल्याच एका कुटुंबाने सायगॉनमध्ये होआ मा नावाचं दुकान काढलं. १९५८ पासून तिथे पाव चिरून, आत सगळं भरून, घाईतल्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला सुरुवात झाली, असं मानलं जातं. आपल्या वडापावची गोष्ट वेगळी आहे का? पाव पोर्तुगीजांचा, वडा आपला, खाणारा गिरणी कामगार. राज्यकर्ते गेले, त्यांचा पाव गरिबाचं जेवण होऊन राहिला. आजही साधा बान्ह मी २५ हजार डोंगच्या आसपास, म्हणजे ८०-९० रुपयांत मिळतो.

आता मुद्द्यावर येतो.

हे सगळं सरकारच्या प्रेमामुळे टिकलंय असा समज करून घेऊ नका. हनोईने २००८ मध्ये ६२ रस्त्यांवर फेरीविक्रीला बंदी घातली. खांद्यावर कावड घेऊन गावाकडून येणाऱ्या बायकांना त्याची सगळ्यात जास्त झळ बसली. २०१७ मध्ये सायगॉनच्या डिस्ट्रिक्ट १ मध्ये एका बड्या अधिकाऱ्याने "छोटं सिंगापूर" करायचं म्हणून फुटपाथ साफ करायची मोहीमच काढली. पायऱ्या तोडल्या, स्टुलं जप्त केली. काही महिन्यांनी? स्टुलं परत आली. कारण सकाळी सहाला कामावर जाणाऱ्याला नाश्ता तर लागतोच, आणि तो विकणारीला घर चालवायचं असतं.

मग त्याच शहराने वेगळी वाट धरली. जानेवारी २०२४ पासून फुटपाथ वापरायचं रीतसर भाडं. चालणाऱ्यांसाठी किमान दीड मीटर मोकळा सोडायचा, उरलेल्या जागेचे पैसे भरायचे. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असं माझं म्हणणं नाही. कावडवाल्या बाईकडे कुठलं 'दुकानासमोर'? तिचा प्रश्न उरतोच. पण पैसे सरकारी तिजोरीत जातात आणि विकणाऱ्याच्या हातात पावती असते. हे थोडं नाही.

"पण स्वच्छतेचं काय?" रास्त प्रश्न. सप्टेंबर २०२३ मध्ये होई आनमधल्या एका नावाजलेल्या दुकानाचा बान्ह मी खाऊन ३०० हून जास्त लोक आजारी पडले. मे २०२४ मध्ये दोंग नाय प्रांतात ५०० हून जास्त. पण गंमत बघा, ही दोन्ही पक्की दुकानं होती, गाड्या नव्हेत. जंतू भिंत बघत नाहीत. त्यांना तपासणी, पाणी आणि बर्फ लागतो. रस्त्यावरच्याला नळ द्यायचा नाही आणि मग घाण म्हणून हाकलायचं, हा न्याय नाही.

आता आपल्याकडे या. आपला पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे आणि कागदावर तो व्हिएतनामपेक्षा कितीतरी चांगला आहे. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण. शहर फेरीविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांनी निवडलेले, त्यात एक तृतीयांश बायका. आणि सर्वेक्षण पूर्ण करून प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. यातलं तुमच्या शहरात काय झालंय, जरा विचारून बघा. आपल्याकडे अजून एकच पद्धत चालू आहे: गाडी येते, माल उचलते, दंड भरून माल सुटतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधल्या मध्ये 'हप्ता' नावाचं भाडं विक्रेते भरतातच. फक्त त्याची पावती नसते.

आणि फेरीवाल्यांची बाजू घेतली की चालणाऱ्यांना विसरलो असं होत नाही. काठी टेकत चालणाऱ्या आजींना रस्त्यावर उतरावं लागत असेल तर तो फुटपाथ फुकट गेला. म्हणूनच रेष आखा म्हणतोय. रेषेच्या अलीकडे चालणारे, पलीकडे विकणारे. भाडं घ्या, पावती द्या, नळ द्या, महिन्याला तपासणी करा. रेष ओलांडली तर खुशाल कारवाई करा.

२०१६ मध्ये ओबामा हनोईत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बुन चा खाऊन गेले. २०२३ पासून मिशलिनच्या यादीतही तिथल्या साध्या, रस्त्याकडेच्या खाणावळी आहेत. आपण तिथे जाऊन स्टुलावर बसल्याचे फोटो टाकतो आणि इथे सोसायटीच्या ग्रुपवर "गेटसमोरची पोहेवाली हटवा" म्हणून तक्रार करतो. दोन्ही एकदम कसं चालेल?

पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला आला की रस्ते-गटारांबरोबर एवढं विचारा: आपल्या शहराची फेरीविक्रेता समिती शेवटची कधी बसली? उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये नक्की लिहा.