होडींतील विजेची गळती

होडीस भोंक पडलें तर आंत येणारें पाणी दिसतें; विजेची गळती मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. नुकतीच भरून आणलेली बॅटरी आठवड्याभरांत निर्जीव कां व्हावी, हें कोडें खाडीकांठच्या ज्या कुटुंबांकडे यांत्रिक होडी आहे त्यांस नेहमीं पडतें. पुष्कळजण बॅटरीस दोष देऊन नवी आणतात. परंतु गळती तशीच राहिली, तर नवीचीहि तीच गत व्हावयाची.

हिशेब सोपा आहे. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरींतून अवघा अर्धा अँपिअर प्रवाह अहोरात्र वाहूं लागला, तर चार दिवसांत ४८ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ निम्मा सांठा संपतो.

प्रथम दोषी कोण तें ठरवावें. बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडवून दोन दिवस ठेवावी. १२ व्होल्टांच्या शिशाच्या बॅटरीचा दाब विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास असला तर ती भरलेली, १२.२ असला तर सुमारें अर्धी. तारा सुटलेल्या असतांहि दाब भराभर उतरला, तर बॅटरीच जीर्ण झाली. दाब टिकला, तर गळती तारांत आहे असें समजावें.

मग सर्व बटणें बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी व ती तार आणि बॅटरीचें ऋण टोंक यांमध्यें अँपिअरमापक जोडावा. या वेळीं इंजिन सुरू करूं नये, मापक जळेल. आतां एकेक फ्यूज काढीत जावें. ज्याच्या काढण्यानें कांटा खालीं येईल, त्याच शाखेंत गळती आहे.

तळचें पाणी उपसणारा स्वयंचलित पंप बहुधा मुख्य बटण वगळून थेट बॅटरीस जोडलेला असतो, आणि तें योग्यच होय. त्याची तरंगती कळ अडकली आहे काय, हें अवश्य पाहावें. खाऱ्या दमटपणानें तांब्याचे सांधे हिरवे पडतात, तेहि घासून स्वच्छ करावे. नव्या तारा घ्यावयाच्या तर कथिलाचा मुलामा दिलेल्या घ्याव्या.

ही तपासणी नारळी पौर्णिमेपूर्वीं करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. बॅटरी संपली म्हणजे केवळ दिवा विझत नाहीं. मुसळधार पावसाच्या रात्रीं पंप थांबतो, आणि नांगरलेली होडी सकाळीं तळाशीं गेलेली आढळते.