मुदत एक ऑक्टोबरपर्यंत

गंगापूर तालुक्यातल्या कर्त्यासवरत्या लेकांनो, लेकींनो, आणि म्हातारी माणसं सांभाळायचे पैसे घेणाऱ्यांनो,

वाळूजला एमआयडीसी आली, पुढे तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ज्या बरड रानाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याचा मावेजा मिळाला. मावेजा बापाच्या खात्यावर असेपर्यंत बापाला चहा वेळेवर मिळत होता. मग बक्षीसपत्र झालं, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावरचं नाव बदललं आणि बापाची खाट ओसरीवरून गोठ्याकडे सरकली. कुणी त्याच्याही पुढे गेलं. ‘दवाखान्यात दाखवून आणतो’ म्हणून आईला गाडीत बसवलं आणि शहरातल्या कुठल्याशा आश्रमात उतरवून दिलं. हे कोण, ते गावाला ठाऊक आहे. नावं चावडीवर लावणार नाही, कारण त्याचीही लाज त्या आईलाच वाटेल.

पण कायद्याला लाज वाटत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007 सालचा आहे, महाराष्ट्राचे नियम 2010 चे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन घेतली आणि सांभाळलं नाही, तर कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द होतं. अट लिहिलेलीच नाही, असं म्हणून निर्धास्त बसलेल्यांनी 2 जानेवारी 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. मध्य प्रदेशातल्या एका मुलाने आईला सांभाळायचं वचनपत्र वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि ताबा आईला परत द्यायला लावला. ज्याची सांभाळायची जबाबदारी त्यानेच वाऱ्यावर सोडून दिलं, तर कलम 24 आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे.

नोकरदारांसाठी एक वेगळं. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते आई-वडिलांच्याच खात्यावर टाकायचं लातूर जिल्हा परिषदेने ठरवलं. लातूर काही परदेशात नाही. आपल्या जिल्हा परिषदेकडे हीच मागणी आम्ही करणार आहोत.

आता आश्रमवाल्यांकडे. सगळे वाईट नाहीत, काहींनी रक्ताच्या नात्यापेक्षा जास्त केलंय. पण भाड्याचा बंगला, गेटवर फलक आणि आत बारा खाटा एवढ्यावर धंदा थाटता येतो, कारण कायदाच तिथे सैल आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रम शासन उभारू ‘शकेल’, असं कलम 19 म्हणतं. ‘उभारेल’ म्हणत नाही. त्या एका क्रियापदात किती म्हातारे अडकलेत! खासगी आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक 2019 साली लोकसभेत मांडलं गेलं, आणि 2024 ला लोकसभेसोबतच व्यपगत झालं. म्हणून हे काम राज्याने करावं. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करावा: नोंदणीशिवाय आश्रम नाही, आणि तपासणी आगाऊ कळवून नाही.

तोवर आम्ही, तालुक्यातली साठी ओलांडलेली माणसं, स्वतः भेटायला येणार. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या ताब्यात आहे, रात्री दाराला बाहेरून कडी लागते का, डॉक्टर शेवटचा कधी आला, हे विचारणार. मनाविरुद्ध माणूस कोंडून ठेवणं हा गुन्हाच आहे, त्याला नवा कायदा लागत नाही.

प्रशासनालाही सांगणं आहे. चरितार्थाच्या अर्जाची नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा, असं कायदा सांगतो. गुडघे गेलेल्या माणसाने उपविभागीय कार्यालयाच्या चकरा माराव्यात, असं तो कुठेच सांगत नाही. उपविभागीय अधिकारी साहेबांनीच महिन्यातून एक दिवस गंगापूरच्या तहसीलमध्ये बसावं.

एक ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी हारतुरे, शाली नकोत. तोपर्यंत ज्यांनी आई-बापाला घरी आणलं किंवा खर्चाचं लेखी ठरवलं, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. बाकीच्यांविरुद्ध दोन ऑक्टोबरपासून अर्जांची तयारी सुरू. म्हाताऱ्याला स्वतःला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेला कुणीही अर्ज करू शकतो, हे कलम 5 मध्येच आहे. वकिलाची गरज नाही. कोरे अर्ज छापून तयार आहेत. अंगठ्यासाठी शाईचा पॅडही आम्ही सोबत आणतो आहोत.