मत यंत्रात पडले; मोजले कोणी?

१९९६ सालच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सीमाप्रश्नाची दाद दिल्लीने घ्यावी म्हणून तो खटाटोप होता. तितकी नावे मावतील अशी मतपत्रिका सरकारास छापावी लागली. कागद मुकाट्याने वाढला. आजचे मतदानयंत्र तसे वाढत नाही. चोवीस फलक जोडले तरी 'नोटा'सह ३८४ नावांपुढे त्याची मजल जात नाही. ही मर्यादा यंत्र रचणाऱ्याने घातली. त्याने यंत्राच्या पोटात आणखी काय घातले, हे मतदारास कोण सांगणार?

आरंभीच स्पष्ट करतो. अमुक निवडणूक यंत्राने लुटली, असे आम्ही म्हणत नाही. पुराव्यावाचून आरोप करणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु चोरी सिद्ध झाली नाही म्हणून घराला कडी नको, असा युक्तिवाद कोणता शहाणा गृहस्थ मान्य करील?

निवडणूक आयोग म्हणतो, यंत्रास तार नाही, जाळे नाही. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष किमान पन्नास मतांची चाचणी होते. हे खरे आहे आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. पण चाचणीत सरळ वागलेले यंत्र दिवसभर सरळच वागेल, याची ग्वाही ती पन्नास मते देत नाहीत. मग आज्ञावली जनतेस खुली करा, असे कोणी म्हणतात. तेही पुरेसे नाही. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन याने १९८४ सालीच दाखवून दिले, की कागदावर निर्दोष दिसणारी आज्ञावली यंत्रभाषेत उतरवितानाही तीत विष कालविता येते. शिवाय वाचलेली आज्ञावली आणि यंत्रात बसलेली आज्ञावली एकच, हे मतदान केंद्रावर कोण ताडून पाहणार? जुन्या पेटीचे तसे नव्हते. ती उपडी करून रिकामी दाखवीत, आणि निरक्षर प्रतिनिधीसही ते कळे.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी नेमके हेच तत्त्व सांगितले. मतदान व मोजणी यांचे प्रमुख टप्पे विशेष तज्ज्ञतेवाचून सामान्य नागरिकास तपासता आले पाहिजेत. गैरप्रकाराचा पुरावा नव्हता म्हणून २००५ ची निवडणूक रद्द झाली नाही. यंत्रांचा तो वापर मात्र घटनाबाह्य ठरला. हॉलंडही २००८ साली कागदाकडे परतला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कागदी पुरावा अपरिहार्य मानला. त्यातून व्हीव्हीपॅट आले. सात सेकंद चिठ्ठी काचेआड दिसते आणि पेटीत पडते. चिठ्ठी व यंत्र यांत तफावत आली, तर चिठ्ठीचा आकडा ग्राह्य, असा नियमच आहे. म्हणजे कागद श्रेष्ठ, हे कायद्यास मान्य! मग तो श्रेष्ठ पुरावा मोजावयाचा किती? २०१९ च्या आदेशानुसार विधानसभा क्षेत्रामागे अवघ्या पाच केंद्रांचा. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्या निर्णयाचा आदर राखूनही आम्ही म्हणतो, की साक्षीदारास कचेरीत बोलवावे आणि त्याची साक्षच घेऊ नये, असा हा प्रकार आहे.

संशय दडपल्याने मरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी स्वखुशीने कागदावर मत देऊन पाहण्याचे ठरविले. त्यांची शंका चूक असेलही. पण तिला उत्तर मिळाले ते जमावबंदीचे! चार चिठ्ठ्या मोजून जी शंका फिटली असती, ती बंदोबस्ताने दुणावली.

आमची मागणी साधी आहे. यंत्रे फेकू नका, चिठ्ठ्या मोजा. विजयाचे अंतर जितके थोडे, तितक्या अधिक चिठ्ठ्या मोजा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य २०१७ पासून मतपत्रिकांची पडताळणी याच तत्त्वाने करीत आहे. त्यास एखादा दिवस अधिक लागेल. लागू द्या! पाच वर्षांचे राज्य ज्यावर उभे राहावयाचे, त्या पायासाठी एक दिवस जड का व्हावा? जिंकणाऱ्याचे समाधान कोणतेही यंत्र करते. हरणाऱ्यानेही मान डोलवावी, अशी मोजणी आम्हांस हवी आहे.