फुलं बघायला जा, चूल घरीच ठेवा

नशिराबाद, साकेगाव, भुसावळ, जळगावच्या सर्व मंडळींना कळकळीची विनंती आहे. या फाल्गुन-चैत्रात सातपुड्यात फिरायला जाल तेव्हा सोबत काडेपेटी नेऊ नका आणि जंगलात कुठेही, कसल्याही कारणासाठी, चूल पेटवू नका. अगदी वरण-बट्टीसाठीसुद्धा नाही. होळी आणि रंगपंचमीच्या सुट्टीचे बेत या आठवड्यातच ठरतात, गाड्या सांगितल्या जातात, कोण काय आणणार याच्या याद्या होतात. म्हणून हे आत्ताच, घाईने सांगतो आहे.

जायला मात्र हवंच. पालला जा, मनुदेवीला जा, लंगडा आंबा-जामन्याच्या बाजूला परवानगी घेऊन पायी हिंडा. आपल्याकडे बहुतेक लोक जंगल बघायला श्रावणात निघतात, हिरवं दिसलं की खूश होतात. पण डोंगर खरा फुलतो तो पानं गळाल्यावर. सागाची पानगळ झालेली, गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात पळस पेटल्यासारखा उभा असतो. काटेसावरीची जाड मांसल पाकळ्यांची फुलं, पांगाऱ्याचे लाल तुरे, नाल्याकाठच्या धायटीची शेंदरी झुडपं, खडकाळ चढावर एकही पान नसताना पिवळीधमक फुललेली सोनसावर. पळसाचं एखादं फूल न तोडता, वाकून जवळून बघा. देठाकडची वाटी काळपट, मखमलीसारखी. तिच्यातून बाहेर आलेली पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. आत मध असतो आणि त्यासाठी शिंजीर, साळुंक्या, कोतवाल सकाळभर त्या झाडावर भांडत असतात. अंजनाला याच दिवसांत तांबूस कोवळी पालवी येते. ती उन्हात बघण्यासाठी मी तरी फुलांइतकाच वेळ देईन. चैत्र लागला की मोहाची फुलं पहाटे टपटपू लागतात आणि सगळा नाला गोड वासाने भरतो.

पण ज्या कोरडेपणामुळे हे सगळं दिसतं, त्याच कोरडेपणामुळे जंगल जळतं. साग आपली मोठाली पानं टाकतो, ती कागदासारखी वाळतात, खाली गुडघाभर वाळलेलं गवत असतं आणि दुपारी वारा सुटतो. वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा घेतो, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत-पाला काढून आग अडवायची सोय करतो. पण आग पट्ट्याच्या आत, दर्शनाला किंवा जेवायला बसलेल्या माणसांपाशीच लागली, तर ती जाळरेषा काय करणार?

आता बट्टीबद्दल. खान्देशातल्या माणसाला सहल म्हटलं की वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी आठवते, याचं मला कौतुकच आहे. पण गोवरीचा विस्तव कसा असतो ते आपण सगळे जाणतो. वरून राख पांढरी, थंड दिसते. बोटाने जरा उकरली की आत लालबुंद. जेवण झालं, तांब्याभर पाणी ओतलं, चुर्र झालं, माणसं उठून गेली. आणि पाणी जिथवर पोचलं नाही तिथली अर्धी गोवरी तासन्‌तास धुमसत राहिली. चार वाजता वाऱ्याच्या झुळकीने राख उडाली की ठिणगी थेट सागाच्या पाल्यात. तोवर आपली गाडी तापीचा पूल ओलांडून भुसावळला आलेली असते. आग कोणी लावली हे कोणालाच कळत नाही, लावणाऱ्यालाही नाही.

बट्ट्या घरून भाजून न्या. डब्यात चांगल्या राहतात, वरण थर्मासमध्ये गरम राहतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी जंगलाबाहेर येईपर्यंत कळ काढावी.

सगळा दोष सहलीच्या लोकांवर टाकणं बरोबर नाही. मोहाखाली पडलेली फुलं दिसावीत म्हणून ती वेचणारे पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही पेटवतात. पण त्या माणसांचं वर्षाचं पोट त्यावर आहे, आणि झाडून जागा साफ करणारेही त्यांच्यातलेच पुष्कळ आहेत. आपण तर केवळ मजेसाठी जातो. त्यांच्या मोहाखालची फुलं पिशवीत भरून आणू नका.

जळतं काय, असं कोणी विचारेल. पळस तर पुन्हा फुटतो. पळस फुटतो हे खरं. पण अंजन, सालई, चारोळीची बोटभर रोपं जातात. जमिनीवर घरटं करणाऱ्या तित्तिर-मोरांची अंडी जातात. जुन्या झाडांच्या पोकळ बुंध्यात आग शिरली की ढोलीसकट झाड कोसळतं. अशा ढोलीतच रानपिंगळा घरटं करतो. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी संपला असंच समजलं जात होतं; 1997 मध्ये तो सापडला तो आपल्याच सातपुड्यात, शहाद्याजवळ. यावल अभयारण्यातही तो आहे. हे अभयारण्य 1969 पासूनचं, सुमारे 177 चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा तुकड्यात एक मोठा वणवा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

रंगपंचमीला पळसाचा रंग हवा असेल तर जंगलातल्या फांद्या मोडू नका. आपल्या शिवारात, वाघूरच्या बाजूला, बांधावर पळस आहेत. शेतमालकाला विचारून खाली पडलेली फुलं वेचा, रात्रभर पाण्यात भिजत घाला.

सकाळी लवकर निघा, दहाच्या आत चालणं आटपा. मार्च सरता सरता आपला पारा चाळिशीला टेकतो. पाणी भरपूर घ्या.

आणि धूर दिसलाच, तर फोटो काढत थांबू नका. आग चढावर फार वेगाने धावते, म्हणून वर पळू नका. उताराने बाजूला, नाल्याच्या मोकळ्या पात्रात किंवा रस्त्यावर या. रेंज मिळताच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, वाटेत वनरक्षक किंवा नाका दिसला तर तिथे सांगा. जवळचं गाव, नाला, रस्त्याचं वळण, जे आठवेल ते सांगा. हा क्रमांक निघण्यापूर्वीच गाडीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा, कारण आत गेल्यावर शोधायला नेट मिळेलच असं नाही.