सायकल लाखाची, भरपाई 20 हजारांची! विमानप्रवासाआधी पॅकिंग कसे करावे?

डिजिटल डेस्क, नांदेड : नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये तीच सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. आता 2027 मध्ये 1200 किलोमीटरची ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ राइड आहे. मात्र, परदेशात सायकल चालवायची तर आधी ती धड पोहोचायला हवी.

मराठवाड्याची अडचण काय?

लातूरच्या विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही. नांदेडहून 2024 मध्ये स्टार एअरची सेवा सुरू झाली, पण विमाने लहान एम्ब्रेयर बनावटीची आहेत. त्यात खोका मावेल का, हे तिकीट काढण्याआधीच विचारावे लागते. त्यामुळे अनेकांना हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणजे खोका आधी ट्रॅव्हल्सच्या डिकीत किंवा रेल्वेच्या पार्सल डब्यात आणि त्यानंतर विमानात. जितके हात बदलतील, तितके आदळण्याचे प्रसंग वाढतात. म्हणून इथल्या सायकलस्वाराचे पॅकिंग पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारापेक्षा भक्कम हवे.

नुकसान झाले तर?

देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे 20 हजार रुपये आहे. चांगली रोड बाइक लाखाच्या पुढे जाते. शिवाय काउंटरवर ‘नाजूक सामान’ अशा टॅगवर सही घेतली जाते. त्यात जबाबदारी झटकणारी ओळ असू शकते, ती वाचूनच सही करावी. परदेशी जाताना हैदराबाद किंवा मुंबईपासूनचा सगळा विमानप्रवास एकाच तिकिटावर असेल, तर आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात आणि मर्यादा बरीच जास्त मिळते.

खोका कसा भरावा?

- सायकलच्या दुकानात नव्या सायकलींचे रिकामे खोके असतात. सोबत येणारे प्लास्टिकचे स्पेसरही मागून घ्यावेत.
- पॅडल काढताना पाना वरच्या दिशेला धरून मागच्या चाकाकडे ढकलावा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, पण या पद्धतीने दोन्ही सुटतात.
- सीटच्या उंचीवर टेपने खूण करून मगच सीटपोस्ट काढावी.
- मागचा डिरेलर सोडवून, फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधावा. तो ज्या हँगरवर बसतो, तो थोडा जरी वाकला तरी गिअर नीट पडत नाहीत. एक जादा हँगर सोबत ठेवावा.
- पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये स्पेसर बसवावा. नाहीतर खोका आदळल्यावर फोर्क आत दबतो.
- डिस्क ब्रेक असतील तर रोटर काढावेत आणि पॅडमध्ये स्पेसर घालावा. चाक काढलेले असताना ब्रेक दाबू नये.
- सुटे स्क्रू एका पिशवीत घालून फ्रेमलाच बांधावेत.

हवा काढली नाही तर टायर फुटतो?

नाही. विमानातल्या सामानकक्षातही दाब राखलेला असतो. तिथला दाब जमिनीपेक्षा फार तर 4 पीएसआयने कमी होतो. 90 पीएसआय भरलेल्या टायरला तो फरक किरकोळ आहे. तरीही अनेक कंपन्या हवा कमी करायला सांगतात. तसे करावे, पण थोडी हवा ठेवावी, म्हणजे रिमला उशी मिळते.

पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी. ई-सायकलची बॅटरी सहसा 160 वॉट-तासांच्या मर्यादेपेक्षा मोठी असते, त्यामुळे ती प्रवासी विमानातून नेता येत नाही. सीओटू काडतुसे कंपनीच्या परवानगीशिवाय नेऊ नयेत.

कंपन्यांनीही बदलायला हवे

सायकलचा खोका लांबी, रुंदी आणि उंची मिळून 230 सेंटिमीटरच्या आसपास जातो. नेहमीच्या सामानाची मर्यादा साधारण 158 आहे. म्हणजे जादा शुल्क लागू शकते. ते किती आणि खोका विमानाच्या दारातून जाईल का, हे बुकिंगच्या वेळीच दिसायला हवे. लहान विमानतळांवर ही माहिती काउंटरवर कळणे म्हणजे प्रवाशाला आयत्या वेळी तोंडघशी पाडणे आहे.

तोपर्यंत चांगले पॅकिंग हाच खरा विमा. खोका बंद करण्याआधी फोटो काढावेत. उतरल्यावर विमानतळावरच तो उघडून पाहावा आणि नुकसान दिसल्यास बाहेर पडण्याआधी लेखी तक्रार द्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्यासाठी सामान मिळाल्यापासून 7 दिवसांची मुदत असते.