खांदा निखळला, मग पुढे?

कबड्डीत चढाई करणारा गडी मध्यरेषेसाठी हात लांबवतो आणि त्याच हातावर तीन-चार जण कोसळतात. खांदा निखळतो. मग आपल्या पारोळ्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'हाडवैद्याकडे ने, झटक्यात बसवील.' दुसरा, 'ऑपरेशन करून टाक, कटकट मिटेल.' मला दोन्ही उतावळे वाटतात.

पहिल्याबद्दल फार लिहीत नाही. क्ष-किरण चित्र न काढता हात ओढला तर मोडलेले हाड सरकू शकते, मज्जातंतू दुखावू शकतो. दुसरा सल्ला मात्र शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याविषयी बोलले पाहिजे.

खांद्याचा सांधा म्हणजे पणतीवर ठेवलेले लिंबू. वाटी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच निसटतोही. वाटीची कड एकदा फाटली की विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याचा संभव मोठा. वारंवार निखळून हाडही झिजते. तेव्हा शस्त्रक्रिया निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. पण दुर्बिणीतून केली तरी ती शस्त्रक्रियाच. भुलीचा धोका, जंतुसंसर्ग, मज्जातंतूची इजा क्वचित होते, पण होते. सांधा आखडतो. काहींचा खांदा नंतरही निखळतो.

२३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना मुंबईच्या श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. मैदानात उतरायला सप्टेंबर उजाडला. दिल्लीच्या आयपीएल संघाचे कर्णधारपद तोवर ऋषभ पंतकडे गेले होते, ते त्याला परत मिळाले नाही. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर २००६ साली लंडनला शस्त्रक्रिया झाली, वेस्ट इंडीजचा दौरा हुकला. सप्टेंबरात मलेशियात त्याने नाबाद १४१ धावा केल्या. आपल्याला त्या १४१ च आठवतात. मधले महिने, रोजचा व्यायाम आणि दिमतीला असलेले तज्ज्ञ कोण मोजतो?

आता आपला गडी घ्या. ऑपरेशननंतर काही आठवडे हात झोळीत, पुढे कित्येक महिने व्यायाम. त्यासाठी एसटीने धुळ्याला जायचे ते कोणाच्या पैशाने? घरी कपाशीची वेचणी सुरू झाली, रात्रीचे पाणी भरायचे आले, तर तो हात झोळीत किती दिवस राहील? खरा धोका मला इथे दिसतो.

जिमखान्याची फी आपण सारेच भरतो. जर्सी, करंडक, प्रवासभत्ता त्यातून निघतो, मग जायबंदी खेळाडूच्या व्यायामाचा खर्च का निघू नये? शिवाय गडी कमी पडतो म्हणून त्याला पंधरवड्यात पुन्हा उतरवण्याची प्रथाही बंद व्हावी. शस्त्रक्रियेचा निर्णय त्याने व अस्थिरोगतज्ज्ञाने मिळून घ्यावा. पुढल्या क्रीडासप्ताहापूर्वी जिमखाना समितीने हे दोन विषय बैठकीत घ्यावेत, अशी माझी मागणी आहे.