‘सवय होईल’ हे उत्तर चालणार नाही

नंबरचे चष्मे ऑनलाइन विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना हा जाहीर इशारा आहे. दिवाळीचा सेल लावण्याआधी तो वाचा, आणि तुमच्या वकिलालाही वाचायला द्या.

नव्या चष्म्यातून जमीन वर आल्यासारखी दिसते, जिना उतरताना पाय चुकतो, संध्याकाळी डोकं ठणकतं, अशी तक्रार केली की तुमच्याकडचं उत्तर ठरलेलं: ‘‘पंधरा दिवस वापरा, सवय होईल.’’ सवय लागते, हे खरंच. पहिल्यांदा सिलिंडरचा नंबर लागला किंवा प्रोग्रेसिव्ह काचा बसवल्या, की डोळे आठवडा-दोन आठवडे कुरकुरतात. पण चुकलेल्या काचेची सवय करून घ्यायला सांगणारे तुम्ही कोण? नंबर बरोबर बसलाय की नाही, हे लेन्सोमीटरवर मिनिटभरात कळतं. चांगल्या चष्मेवाल्याकडे ते यंत्र असतंच. आधी मोजा, मग सवयीचं बोला.

आणि नंबर तंतोतंत असला तरी चष्मा चुकलेला असू शकतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, डॉक्टरांच्या कागदावर बरेचदा लिहिलेलंच नसतं. मग कपाळाला बँकेचं कार्ड लावायला सांगून मोबाईलच्या कॅमेऱ्यावरून ते काढायचं. हातभर अंतरावरच्या मोबाईलकडे बघताना डोळे आत वळतात आणि माप कमी भरतं. त्याची दुरुस्ती केली की नाही, ते गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. हिशोब शाळकरी आहे: केंद्र जितके सेंटिमीटर सरकलं, गुणिले नंबर. दोन्ही डोळ्यांना उणे सहा आणि पीडीत चार मिलिमीटरची चूक, म्हणजे २.४ प्रिझम. एवढा ताण डोळ्यांच्या स्नायूंनी दिवसभर ओढायचा. चूक उभ्या दिशेत असेल तर याहून कितीतरी कमीही सोसत नाही. प्रोग्रेसिव्हची तर कमालच. बाहुली फ्रेमच्या खालच्या कडेपासून किती उंचीवर येते, हे न बघता काच कापणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवणं. तुम्ही ती उंची अंदाजपंचे धरता आणि घरातली वडीलधारी मंडळी हनुवटी वर करकरून पेपर वाचतात.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द, आणि तेही गोड नाहीत. ऑर्डर भरताना उणेच्या जागी अधिक तुम्हीच टाकलं, अॅक्सिस १७०चा १७ केला, तर कंपनीशी भांडू नका. चष्मा खटकला तर घरच्या घरी काड्या वाकवत बसू नका. दोन्ही काचांचा नंबर, अॅक्सिस आणि केंद्रांमधलं अंतर चष्मेवाल्याकडून लिहून, शिक्क्यासह घ्या. पैसे मागितले तर द्या, पावती ठेवा. रीडिंग जुळलं, तरच फ्रेम बसवून घेण्याचं बघा. तोवर तो चष्मा घालून गाडी चालवायची नाही.

आता मागण्या. प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी घ्या. उंचीचं माप मिळाल्याशिवाय प्रोग्रेसिव्ह बनवू नका. तयार चष्म्याच्या रीडिंगची चिठ्ठी डबीत घाला. आणि ‘खास तुमच्यासाठी बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही’ ही ओळ आजच काढून टाका. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा कबूल केल्यासारखी नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायला सांगितलं आहे. तेव्हा हा महिना आम्ही उदारपणे दिलेला नाही, आणि त्यावर एक दिवसही मिळणार नाही.

एकतिसाव्या दिवसाच्या पुढे गेलेली प्रत्येक तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाईल, तिथून जिल्हा आयोगात. एकाच तऱ्हेचे फसलेले पुष्कळ असतील, तर आयोगाच्या परवानगीने एकत्र. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही आणि २०१९च्या कायद्याने गिऱ्हाईक राहतं त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. तुमचं हेड ऑफिस कुठल्याही महानगरात असो, उत्तर परभणीच्या आयोगाला द्यावं लागेल.